सांडलेले अंक

"लोहार बाई म्हणतायत, झाडं बदलली," मी फोनवर हात ठेवून म्हणालो.

गार्गीनं मान वर केली नाही. "कुठली झाडं?"

"मुलांची."

"म्हणजे?"

मी फोन पुन्हा कानाला लावला. "बाई, बदलली म्हणजे नक्की काय झालं?"

"अहो सर, बदलली म्हणजे बदलली!" बाईंचा आवाज एवढा मोठा होता की पलीकडच्या टेबलावर गार्गीलाही तो ऐकू गेला असणार. "काल तुमची नवी पाटी घातली दोन्ही कॉम्प्युटरवर. मोठे आकडे येतात, ते झकास झालं बघा. पण पोरांना आपापली झाडं ओळखू येईनात. रुक्मी तर रडून बसलीय. म्हणते, माझं झाड कुणी तोडलं?"

पाटी ही आमची भाषा. माणसांशी बोलायची नव्हे, कॉम्प्युटरला कामं सांगायची. सांगलीतल्या एका छोट्या विज्ञान केंद्रात पाटणकर सरांनी ती शाळेतल्या मुलांसाठी सुरू केली. 'पुढे', 'वळ', 'पुन्हा' असे शब्द लिहिले की पडद्यावर रेघ चालायला लागायची. पुढे सर पुण्याला मुलाकडे राहायला गेले आणि भाषेचा गाभा, म्हणजे आतला सगळा कोड, गार्गीच्या हातात आला. मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून नुकताच तिथे लागलो होतो. ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी होती, पण पहिल्याच दिवशी तिनं मला 'अहो-जाहो' करायला बंदी केली होती.

पाटीत प्रत्येक आकड्याला ठरावीक जागा होती, बत्तीस घरांची; एका घरात फक्त शून्य किंवा एक. दोनशे चौदा कोटींच्या पुढचा आकडा त्यात मावत नसे. जुन्या स्कूटरचा मीटर नऊ नऊ नऊ झाला की पुन्हा शून्यावर येतो, तसे वरचे अंक सांडून जायचे आणि भलतंच काहीतरी उरायचं. जत तालुक्यातल्या लोहार बाईंच्या शाळेत एका मुलानं जगाची लोकसंख्या सातशे कोटी लिहिली, तेव्हा पाटीनं उत्तर दिलं, उणे एकशे अठ्ठावन्न कोटी. बाईंनी लगेच फोन केला होता. "पोरं विचारतात, मग आपण हाय का न्हाय?"

त्या वर्षी गणपती झाले की गार्गी नेदरलँड्सला जाणार होती, पीएच.डी.साठी. जायच्या आधी प्रत्येक आकड्याची जागा दुप्पट करून जायचं, असं तिनं ठरवलं. बत्तीसची चौसष्ट घरं. ऐकायला सोपं वाटतं. पण गाभ्यात आकडा कुठे कुठे राहतो हे कुणीच कधी मोजलेलं नव्हतं. बेरजेत राहतो, यादीच्या लांबीत राहतो, रंगात, वळणाच्या कोनात. उन्हाळाभर आम्ही तो शोधत होतो.

आमची शोधायची एक पद्धत होती. सरांचा नियमच होता की जे मोठ्यानं वाचता येत नाही ते लिहायचं नाही. म्हणून एकानं लिहिलेला कोड दुसऱ्याला वाचून दाखवायचा आणि ऐकणाऱ्यानं डोळे मिटून ऐकायचा. बहुतेक वेळा गार्गी वाचायची आणि मी ऐकायचो. ती कंसाला 'उघडा' आणि 'मिटा' म्हणायची, आणि ओळ संपल्याच्या खुणेला 'झालं'. "लांबी बरोबर लांबी अधिक एक, झालं." कधी कधी ती एखाद्या ओळीवर किंचित हळू व्हायची. तिथे तिला शंका आहे हे मला ती थांबायच्या आधीच कळायचं.

असा सगळा गाभा आम्ही वाचून काढला होता. तरी झाडं बदलली होती.

मी फोन ठेवला तेव्हा गार्गीनं 'चिठ्ठी'ची फाइल उघडलेली होती. पाटीत 'चिठ्ठी १०' असं लिहिलं की एक ते दहामधला कुठलाही एक आकडा यायचा, डोळे झाकून चिठ्ठी उचलावी तसा. कॉम्प्युटरला खरोखरची चिठ्ठी उचलता येत नाही. तो आधीच्या आकड्याला, म्हणजे 'शिल्लक'ला, एका मोठ्या आकड्यानं गुणतो, थोडं मिळवतो आणि त्यातून पुढचा काढतो. सुरुवात तीच दिली की पुढचे सगळे आकडे तेच येतात. लोहार बाईंनी याचीच युक्ती केली होती. फांद्या चिठ्ठीनं काढणारा आमचा झाडाचा प्रोग्राम त्यांनी घेतला आणि सुरुवातीला मुलाची जन्मतारीख टाकली. त्यामुळे प्रत्येक मुलाला स्वतःचं झाड मिळालं, आणि ते दरवेळी तेच यायचं.

"सापडलं," गार्गी म्हणाली. "गुणाकार जागेत मावायचा नाही. वरचे अंक सांडायचे. आता जागा मोठी आहे, म्हणून सांडत नाहीत."

"म्हणजे झाडं सांडण्यावर उभी होती?"

"सांडून जे उरायचं त्यावर."

"पण हे आपण वाचलं होतं. मी ऐकलंय ते."

"मी काय वाचलं? 'शिल्लक गुणिले मोठा आकडा, अधिक लहान आकडा, झालं.' बरोबरच होतं ते. अंक सांडतात असं कुठे लिहिलंय त्यात? ते यंत्र आपलं आपण करत होतं." ती खुर्चीत मागे टेकली. "लिहिलेलंच नाही ते तुला ऐकू कसं येणार?"

"मग आता लिही. एक ओळ घाल. वरची बत्तीस घरं पुसून टाक, झाडं परत येतील."

"नाही घालणार."

"का?"

"कारण ती चूक होती, अमोघ. माझ्या आधीपासूनची. चुकीला आपण नियम करायचं? आणि नवी झाडं बघ." तिनं दोन-चार काढून दाखवली. भरदार, दोन्ही बाजूंनी सारखी पसरलेली. "जुनी बहुतेक कुठेतरी कलंडलेली असायची."

"झाडं म्हणून ही चांगलीच आहेत."

"मग?"

"त्यांची नाहीत."

"छापून नवी लावा म्हणावं भिंतीवर. आठ दिवसांत त्यांची होतील. हे बघ, एकदा जुनं सांभाळायला लागलो की भाषा म्हातारी होते. मी गेल्यावर तू प्रत्येक शाळेसाठी एकेक ओळ घालत बसशील. मला ते नको आहे. मी स्वच्छ करून जाणार आहे."

ती 'जाणार' हा शब्द फार सहज म्हणायला लागली होती.

"ठीक आहे," मी म्हणालो. "बाईंना तूच सांग."

"दे फोन."

"फोनवर नको. रुक्मीसमोर सांग."

ती माझ्याकडे बघत राहिली. "जतला जायचं?"

"जतच्याही पुढे."

"तू ना, पाटणकर सरांपेक्षा बेकार आहेस," ती म्हणाली आणि लॅपटॉप पिशवीत घालायला लागली.

जतपर्यंत एसटीनं गेलो. तिथून वडापची जीप. जीपमध्ये आमच्या पायांशी कोंबड्यांची टोपली होती आणि ड्रायव्हरशेजारी चौघे बसले होते. दोन्ही बाजूंना नुसता माळ. अधूनमधून बाभळ, कुणाची तरी डाळिंबाची बाग, पुन्हा माळ. गार्गी खिडकीशी होती. वाऱ्यानं तिचे केस माझ्या तोंडावर येत होते. "सॉरी," ती एकदा म्हणाली. मी "असू दे" म्हणालो.

शाळा दोन खोल्यांची. लोहार बाई दारातच उभ्या होत्या. उंच, सावळ्या, पदर खोचलेला. "या, या. एवढ्यासाठी आलात? मला वाटलं फोनवरच ओरडाल."

आत मागची सगळी भिंत झाडांनी भरलेली होती. एकेका कागदावर एकेक, काळ्या रेघांचं, खाली नाव. काही कागद पिवळे पडले होते. खिडकीतून बाहेर पाहिलं तर शाळेच्या आवारात एकच लिंब होता.

"हे असं आहे बघा," बाई म्हणाल्या. "दिवाळीनंतर यातली निम्मी पोरं आईबापाबरोबर ऊस तोडायला जातात. कर्नाटकात, कुठं कुठं. पार उन्हाळ्यात येतात. मागच्या वर्षाचा धडा विसरलेली असतात, पाढे विसरलेली असतात. आली की आधी कॉम्प्युटर लावायला लावतात. माझं झाड हाय का? असलं की मग दप्तर ठेवतात."

"नवीन छापून लावली तर?" गार्गीनं विचारलं.

"मी म्हटलं त्यांना. नवं घ्या, ब्येस हाय म्हटलं. रुक्मे, ये गं इकडं."

रुक्मी आली. असेल दहा वर्षांची. दोन वेण्या लाल रिबिनीत घट्ट बांधलेल्या. डोळे आता रडलेले नव्हते, रागावलेले होते.

गार्गी तिच्यासमोर बाकावर बसली. "नवीन झाड आवडलं नाही तुला?"

"चांगलं हाय."

"मग?"

"माझं न्हवं ते. माझं वाकडं हाय."

"तुला वाकडंच पाहिजे?"

"माझंच वाकडं हाय," रुक्मी म्हणाली. हिला हे कळत कसं नाही, अशा नजरेनं तिनं बाईंकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या एका कागदाकडे बोट केलं. डावीकडे झुकलेलं झाड, मधली एक फांदी बिनपानांची. "ह्ये. कारखान्यावर आमच्या राहायच्या कोपीला ताडपत्री असती. तिच्यावर मी कोळशानं काढते. मग हितं आले की बघते, बरोबर आलं होतं का."

"येतं बरोबर?"

"गेल्या साली एक फांदी चुकली. ही बारकी." तिनं कागदावर बोट टेकवलं. "ती आधी वर जाती, मंग खाली येती. मी नुसती खालीच काढली होती."

गार्गीनं लॅपटॉप उघडला. त्यात जुनी पाटीही होती. बाईंनी हजेरीतून रुक्मीची जन्मतारीख सांगितली आणि पडद्यावर रेघ चालायला लागली. खोड, डावीकडे झुकत, मग फांदी, मग फांदी. बारकी फांदी आधी वर गेली, मग खाली आली.

"ह्येच!" रुक्मी ओरडली आणि सगळी मुलं लॅपटॉपवर पडली.

"सरा मागं, काच फुटंल!" बाई म्हणाल्या.

"तुमचं कसं हाय?" रुक्मीनं गार्गीला विचारलं.

"माझं झाड? नाही माझं."

"तुमचा जन्म झाला न्हाई व्हय?"

मुलं हसली. बाई हसल्या. गार्गीसुद्धा. खरं म्हणजे तो प्रोग्राम आमच्याकडे कधीपासून होता, पण आपली तारीख टाकून बघावी असं आमच्यापैकी कुणाच्याच मनात आलं नव्हतं. तिनं टाकली. मी तिच्या खांद्यामागे उभा होतो.

झाड उजवीकडे कललं. खालून तिसरी फांदी लांबत गेली, पाटीच्या खिडकीच्या कडेपर्यंत पोचली आणि बाहेर निघून गेली.

"पळालं की!" एक मुलगा म्हणाला.

मग गार्गीनं तीच तारीख नव्या पाटीत टाकली. भरदार, सरळ झाड आलं, सगळं खिडकीच्या आत.

"हे कसं वाटतं?" तिनं रुक्मीला विचारलं.

रुक्मीनं मान तिरकी करून नीट पाहिलं. "चांगलं हाय. पर ह्ये कुणाचंबी आसंल."

तेवढ्यात वीज गेली. पंखा घरघरत थांबला. भारनियमनाची वेळ होती, बाईंना सवय होती. त्यांनी मुलांना बाहेर पिटाळायला हात उचलला, तेव्हा गार्गी म्हणाली, "राहू द्या, बाई. लॅपटॉपला बॅटरी आहे. अमोघ, खाली बस. डोळे मीट."

"इथे?"

"नियम म्हणजे नियम."

मी शहाबादी फरशीवर मांडी घालून बसलो आणि डोळे मिटले. शेजारी खुसखुस ऐकू आली, मग मुलंही बसल्याचा आवाज. "मीट रे डोळं," कुणीतरी कुणाला तरी दटावलं. कळांचा आवाज आला, थोडाच. मग तिचा.

"शिल्लक बरोबर, कंस उघडा, शिल्लक गुणिले मोठा आकडा, अधिक लहान आकडा, कंस मिटा. झालं."

"झालं!" मुलं ओरडली.

"थांबा, अजून एक आहे. शिल्लक बरोबर शिल्लकची खालची बत्तीस घरं. वरची सोडून द्या." ती हळू झाली. तिला शंका नव्हती, तरी ती हळू झाली. "झालं."

"झालं!"

मी डोळे लगेच उघडले नाहीत.

वीज आल्यावर आम्ही दोन्ही कॉम्प्युटरवर पाटी पुन्हा घातली. बाई हजेरीप्रमाणे नाव घ्यायच्या, मूल भिंतीवरचा कागद काढून आणायचं आणि पडद्याशेजारी धरायचं. फांदीला फांदी लावून बघायचं. कुणी घाई केली तर बाकीचे ओरडायचे, "नीट बघ की!" सातशे कोटी लिहून पाहिले, सातशे कोटीच आले. रुक्मीनं तिचं झाड दोनदा काढायला लावलं.

निघताना बाई म्हणाल्या, "तुमची दोघांची पण लावते की भिंतीवर. आठवण." माझी तारीख टाकली. एक साधंसं, ठेंगणं झाड आलं. बाईंच्या प्रिंटरची शाई फिकी होती, पण दोन्ही कागद निघाले. एका मुलानं ते भाकरीच्या पिठाच्या खळीनं शेजारी शेजारी चिकटवले, डावीकडे गार्गीचं, उजवीकडे माझं. मागे येऊन त्यानं डोकं वाकडं केलं.

"सर, ह्यांची फांदी तुमच्यात आली."

सगळा वर्ग फिदीफिदी हसला. "ए, गप्प बसा!" बाई म्हणाल्या. "मोठी माणसं हायत ती!" पण त्याही पदर तोंडाला लावून हसत होत्या. गार्गी भिंतीकडे बघत होती. ती हसली तेव्हा माझ्याकडे बघून हसली नाही, त्या दोन कागदांकडे बघून हसली.

परतीच्या एसटीत गर्दी नव्हती. कवठे महांकाळ मागे पडल्यावर ती म्हणाली, "तू वाचन ऐकताना खरंच ऐकायचास ना? की झोपायचास?"

"ऐकायचो."

"सगळं?"

"सगळं."

"तरी चिठ्ठी सुटली."

"तूच म्हणालीस. लिहिलंच नव्हतं."

तिनं बाहेर पाहिलं. उन्हं उतरली होती आणि द्राक्षाच्या मांडवांच्या सावल्या रस्त्यावर आल्या होत्या. "मग लिहीत जावं माणसानं," ती म्हणाली. "आपलं आपण कुणीतरी समजून घेईल म्हणून सोडून देऊ नये. यंत्र बदललं की गेलं."

"हो," मी म्हणालो.

ती वाट बघत होती का, हे मला तेव्हा कळलं नाही. आताही सांगता येत नाही. मिरजेला मूग भज्यांचा वास खिडकीतून आला आणि तिनं विचारलं, "खायची?" आम्ही खाली उतरून, उभ्यानं, एका कागदातली भजी खाल्ली.

गणपती झाले आणि ती गेली. पहिली दोन वर्षं पाटीबद्दल लिहायची, हे केलंस का, ते का ठेवलंस. मग पाटीत विचारण्यासारखं काही उरलं नाही.

मीही पुढे पुण्याला आलो. दुसरी नोकरी आहे, पण पाटी अजून मीच सांभाळतो. मागच्या महिन्यात परभणीच्या एका मुलानं गाभ्यात बदल सुचवला. नुकताच इंजिनिअर झालेला, हुशार आहे. त्यानं लिहिलं होतं, 'चिठ्ठीमध्ये ही एक ओळ कशासाठी आहे कळलं नाही. चांगला आकडा अर्धा करून टाकते. आता कितीतरी नव्या पद्धती आहेत. काढून टाकू का?'

मी लिहिलं, 'नको. एका शाळेतली झाडं तिच्यावर आहेत.'

'ती शाळा अजून पाटी वापरते?'

मी बाईंना फोन केला. त्या निवृत्त झाल्या आहेत, तरी शाळेत जातात. "वापरतात म्हणजे काय! रुक्मीची पोरगी यंदा पहिलीत आलीय. जानेवारीतली हाय. सरळसोट झाड आलं तिचं, तर रुक्मी म्हणते, बापावर गेली." मग त्या म्हणाल्या, "तुमचे कागद पण हायत अजून भिंतीवर. शाई उडालीय, पण दिसतंय."

'वापरते,' मी त्या मुलाला कळवलं आणि त्याचा बदल परत केला.

त्यानंतर मी पाटी उघडली. झाडाच्या प्रोग्रामात एक तारीख टाकली. तिच्या खांद्यामागे उभं राहून मी ती एकदाच पाहिली होती, पण आकडे माझ्या लक्षात राहतात. रेघ निघाली, उजवीकडे कलली. खालून तिसरी फांदी लांबत गेली आणि कडेला जाऊन नाहीशी झाली. तशीच.

पाटीची खिडकी अजून तेव्हाच्याच मापाची आहे. आताचे पडदे मोठे आहेत. कोपरा धरून ओढला तर ती फांदी पुढे कुठे जाते, वळते की संपते, ते दिसेल. हाताच्या एका हालचालीचं काम आहे. मला लहानपणापासून प्रत्येक गोष्ट मोजून, उघडून बघायची सवय आहे.

हे एवढं मी अजून पाहिलेलं नाही.